लीप सेकंद जाणार. पण संगणकाच्या घड्याळाचा गोंधळ जाईल?

१ जानेवारी २०१७. भारतात पहाटेचे ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंद झाले आणि त्यानंतर लगेच साडेपाच वाजले नाहीत. मध्ये एक जादा सेकंद आला. कागदोपत्री त्याची वेळ होती ५:२९:६०. भिंतीवरच्या घड्याळाला त्याचा पत्ताही लागला नाही आणि बहुतेकांच्या फोनवरही हा ‘६०’ कधी उमटला नाही. मात्र जगभरातल्या लाखो वेबसाइट्सना सेवा देणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या काही सर्व्हरवरचा प्रोग्रॅम त्याच क्षणी कोलमडला.

आजवर आलेला हा शेवटचा लीप सेकंद. आता २०३५ पर्यंत ही पद्धतच थांबवायची, असे जगातल्या देशांनी ठरवले आहे. निर्णय योग्य आहे. पण लीप सेकंद गेला म्हणजे संगणकांची वेळेची दुखणी संपली, असे जे मानले जाते ते मात्र खरे नाही. का, ते समजून घेण्यासाठी आपल्या खिशातल्या फोनपासून सुरुवात करू.

फोनला वेळ कळते कशी?

मनगटावरचे साधे क्वार्ट्झ घड्याळ असो की महागडा स्मार्टफोन, वेळ मोजणारी मूळ वस्तू एकच : क्वार्ट्झचा छोटा स्फटिक. वीज दिली की तो ठरावीक गतीने कंप पावतो. घड्याळासाठीचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ कंपने होतील अशा बेताने कापलेला असतो. हा आकडा विचित्र वाटला तरी तो २ चा १५ वा घात आहे. म्हणजे १५ वेळा निम्मे करत गेले की सेकंदाला बरोबर एक ठोका उरतो. फोन बंद असतानाही थोड्याशा विजेवर ही मोजणी सुरू राहते. म्हणूनच फोन पुन्हा चालू केल्यावर तो आपल्याला तारीख विचारत बसत नाही.

फोन सुरू झाला की ऑपरेटिंग सिस्टीम ही वेळ एकदा वाचून घेते आणि पुढे प्रोसेसरमधल्या एका वेगवान काउंटरवर विसंबते. या काउंटरला तारीख, वार, महिना यातले काहीही कळत नाही. तो फक्त मोजत राहतो. मगाशी काउंटर कुठे होता आणि आता कुठे आहे, यातल्या फरकावरून ऑपरेटिंग सिस्टीम किती वेळ गेला ते काढते.

अडचण अशी की स्फटिक अगदी अचूक नसतो. तापमान बदलले, स्फटिक जुना झाला की गती किंचित बदलते. दहा लाखांत २० एवढी चूक अशा स्फटिकात सर्वसाधारण मानली जाते. ऐकायला ती नगण्य वाटते, पण दिवसाला सुमारे पावणेदोन सेकंद आणि महिन्याला जवळपास ५० सेकंद, असा तिचा हिशेब होतो. त्यामुळे प्रत्येक फोन आणि सर्व्हरला अधूनमधून कुणाला तरी वेळ विचारावी लागते. फोन ती मोबाइल नेटवर्ककडून किंवा इंटरनेटवरून घेतो, सर्व्हर ‘एनटीपी’ या पद्धतीने घेतात.

एनटीपीची युक्ती सोपी आहे. आपला संगणक वेळ सांगणाऱ्या सर्व्हरला विचारतो, ‘किती वाजले?’ उत्तर यायला समजा ८० मिलिसेकंद लागले. जायला आणि यायला सारखाच वेळ लागला असे धरून तो आलेल्या उत्तरात ४० मिलिसेकंद मिळवतो. फरक थोडा असेल तर घड्याळ एकदम सरकवले जात नाही, त्याची गती हळूच कमी-जास्त केली जाते. फरक मोठा असेल तर मात्र घड्याळ एका झटक्यात पुढे किंवा मागे नेले जाते. हा झटका पुढे महत्त्वाचा आहे.

संगणकाचे ‘आत्ता किती वाजले’ म्हणजे नेमके काय?

अँड्रॉइड, आयफोन, लिनक्स या सगळ्यांच्या पोटात वेळ म्हणजे एक मोठा आकडा असतो : १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार, किती सेकंद झाले. विंडोजची मोजणी १ जानेवारी १६०१ पासून, तीही सेकंदाच्या एक कोटीव्या भागात, चालते. त्या आकड्यात साडेपाच तास मिळवून आपली भारतीय प्रमाणवेळ दाखवली जाते.

१९७० पासूनच्या या मोजणीला ‘युनिक्स वेळ’ म्हणतात. तिच्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे : प्रत्येक दिवस बरोबर ८६,४०० सेकंदांचा. अपवाद नाही. लीप सेकंदाच्या दिवशी प्रत्यक्षात ८६,४०१ सेकंद असतात. त्या जादा सेकंदाला युनिक्स वेळेत जागाच नाही. सगळ्या गोंधळाचे मूळ इथे आहे.

मुळात जादा सेकंद हवा कशाला?

कारण पृथ्वी घड्याळासारखी फिरत नाही. १९६७ मध्ये सेकंदाची व्याख्या सीझियम अणूवर बेतण्यात आली : त्या अणूच्या एका विशिष्ट प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद. हा सेकंद कायम तेवढाच राहतो. पृथ्वीची स्वतःभोवतीची फेरी मात्र कमी-जास्त होते. चंद्रामुळे येणाऱ्या भरती-ओहोटीने ती दीर्घकाळात मंदावते, पृथ्वीच्या गाभ्यातल्या आणि हवामानातल्या हालचालींमुळे मध्येच वेगही घेते.

अणूचे घड्याळ आणि पृथ्वीचे घड्याळ यांच्यातला फरक ०.९ सेकंदापेक्षा जास्त होऊ द्यायचा नाही, असे ठरले आणि १९७२ पासून गरजेनुसार ३० जून किंवा ३१ डिसेंबरला एक सेकंद मिळवायला सुरुवात झाली. पृथ्वीच्या फिरण्यावर लक्ष ठेवणारी ‘आयईआरएस’ ही आंतरराष्ट्रीय संस्था सुमारे सहा महिने आधी तसे जाहीर करते. आजवर असे २७ सेकंद मिळवले गेले. १९७२ ते १९७९ या आठ वर्षांत नऊ आले. १९९९ ते २००५ या काळात, २००५ चा ३१ डिसेंबर उजाडेपर्यंत, एकही नाही.

लीप वर्षाचा २९ फेब्रुवारी हजार वर्षांनंतरचाही आज सांगता येतो. लीप सेकंद केव्हा येईल ते वर्षभर आधीही सांगता येत नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यासाठी हा फरक फार मोठा आहे. ज्याला सूत्र नाही ते कोडमध्ये बसवता येत नाही, त्याची यादी बाळगावी लागते आणि ती यादी प्रत्येक यंत्रापर्यंत वेळेत पोहोचवावी लागते.

लीप सेकंदाच्या क्षणी संगणक काय करतो?

लिनक्स सरळ एक सेकंद मागे जाते. २०१७ च्या त्या पहाटे युनिक्स वेळेचा १,४८,३२,२८,७९९ हा आकडा दोन वेळा मोजला गेला. म्हणजे त्या क्षणी दोन व्यवहार एका सेकंदाच्या अंतराने झाले असतील, तर नोंदीत दोन्हींची वेळ एकच दिसू शकते. एवढेच नाही, तर आधी झालेला व्यवहार नंतर झाल्यासारखाही दिसू शकतो.

क्लाउडफ्लेअरचे नेमके हेच झाले. दुसऱ्या सर्व्हरकडून उत्तर यायला किती वेळ लागला, हे त्यांचा प्रोग्रॅम ‘आत्ताची वेळ वजा मघाची वेळ’ असे काढत होता. घड्याळ मागे गेले आणि उत्तर उणे आले. वेळ उणे असू शकते, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनीही नव्हते. तो उणे आकडा पुढे अशा फंक्शनला दिला गेला, ज्याला उणे आकडा चालत नाही. प्रोग्रॅम बंद पडला. परिणाम मर्यादित राहिला. कंपनीनेच दिलेल्या माहितीनुसार सर्वाधिक झळ बसली तेव्हा त्यांच्याकडच्या ०.२ टक्के डीएनएस विचारणा अडकल्या. पण कारण किती साधे होते, हे इथे महत्त्वाचे.

त्याआधी २०१२ मध्ये मोठा दणका बसला होता. ३० जून २०१२ च्या लीप सेकंदाला लिनक्सने आपले मुख्य घड्याळ मागे घेतले, पण आतल्या टायमर सांभाळणाऱ्या भागाला ते कळवलेच नाही. त्या भागाला वाटले, आपण ठरवलेल्या वेळा उलटूनही गेल्या. मग थोड्या वेळासाठी झोपायला सांगितलेले प्रोग्रॅम झोपताक्षणी उठू लागले, पुन्हा झोपू लागले, पुन्हा उठू लागले. प्रोसेसर शंभर टक्के गुंतून गेले. रेडिट, मोझिला, लिंक्डइन यांच्या सेवा अडखळल्या. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास विमान कंपनीला आरक्षणाची यंत्रणा कोलमडल्याने प्रवाशांची नोंदणी हाताने करावी लागली, विमानांना उशीर झाला. अनेक ठिकाणी उपाय निघाला तो असा : सर्व्हरवर आहे तीच तारीख पुन्हा एकदा टाकायची. तेवढ्याने तो शांत होत होता.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. लीप सेकंद सगळीकडे एकाच क्षणी येतो. लंडनमध्ये तेव्हा मध्यरात्र असते किंवा, जूनमध्ये, रात्रीचा एक. भारतात पहाटेचे साडेपाच. टोकियोत मात्र सकाळचे नऊ, म्हणजे शेअर बाजार उघडण्याची वेळ. २०१५ मध्ये जपानमध्ये हे बुधवारी, कामाच्या दिवशी घडले. पद्धत ठरवताना ज्यांची रात्र सोयीची धरली गेली, ते पश्चिमेचे होते. आशियातल्या इंजिनीअरांना पहाटे जागून किंवा ऐन कामाच्या वेळी लक्ष ठेवावे लागले.

मोठ्या कंपन्यांनी यावर काय उपाय काढला?

गुगलने २०११ मध्ये आपली ‘लीप स्मिअर’ ही युक्ती जाहीर केली. जादा सेकंद एकदम घालायचाच नाही, तो दिवसभर पसरायचा. २४ तास प्रत्येक सेकंद सुमारे ११.६ मायक्रोसेकंदांनी लांबवायचा. दिवसाअखेरीस एक सेकंद जिरून जातो आणि घड्याळ कधीच मागे जात नाही. ॲमेझॉननेही २४ तासांची पद्धत घेतली.

युक्ती चलाख आहे, पण तिची किंमत आहे. पसरवण्याच्या काळात या कंपन्यांच्या घड्याळात आणि खऱ्या यूटीसीत अर्ध्या सेकंदापर्यंत फरक पडतो. एक सर्व्हर पसरवलेली वेळ पाळतो आणि शेजारचा खरी, अशी सरमिसळ झाली तर त्या दिवसाच्या नोंदी एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणूनच दोन्ही प्रकारचे वेळ-सर्व्हर एकत्र वापरू नका, असे गुगल स्वतःच सांगते. सगळ्या जगाची एक वेळ असावी म्हणून यूटीसी आले. लीप सेकंद टाळण्यासाठी कंपन्यांनी आपापली वेळ तयार केली. ही सोय फार काळ चालू ठेवण्यासारखी नाही.

मग २०३५ चा निर्णय नेमका काय आहे?

नोव्हेंबर २०२२ मध्ये वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठराव केला : अणुघड्याळ आणि पृथ्वी यांच्यातली ०.९ सेकंदाची मर्यादा २०३५ पर्यंत वाढवायची. थोडक्यात, लीप सेकंद घालणे थांबवायचे. त्याच वर्षी मेटा कंपनीनेही जाहीरपणे हीच मागणी केली होती. अमेरिकेची जीपीएस आणि आपली नाविक या प्रणाली आपल्या अंतर्गत वेळेत लीप सेकंद धरतच नाहीत. जीपीएसची वेळ सध्या यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. रशियाच्या ग्लोनासमध्ये मात्र लीप सेकंद मुरलेला आहे, त्यामुळे त्या देशाला बदलासाठी जास्त अवधी हवा होता.

पण पृथ्वी २०३५ पर्यंत थांबेल का? गेल्या काही वर्षांत तिने वेग घेतला आहे. २९ जून २०२२ चा दिवस २४ तासांपेक्षा १.५९ मिलिसेकंदांनी लहान भरला, ५ जुलै २०२४ चा १.६६ मिलिसेकंदांनी. हे असेच चालले तर एक सेकंद वजा करण्याची, म्हणजे ‘उणे लीप सेकंदा’ची वेळ येऊ शकते. भूभौतिकशास्त्रज्ञ डंकन ॲग्न्यू यांनी मार्च २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार ध्रुवांवरचे बर्फ वितळल्यामुळे पृथ्वीचा वेग थोडा रोखला गेला. नाहीतर जी वेळ २०२६ मध्ये आली असती, ती त्यामुळे २०२९ पर्यंत लांबली.

उणे लीप सेकंद आजवर एकदाही आलेला नाही. २७ वेळा सराव होऊनही जादा सेकंद यंत्रणांना धड पचला नाही. मग जो कधी आलाच नाही, त्याचा कोड प्रत्यक्षात चालेल यावर कोण पैज लावेल? म्हणून २०३५ ही शेवटची तारीख समजावी आणि शक्य तेवढे आधी हे उरकावे, हेच शहाणपणाचे.

सूर्याशी नाते तुटेल का?

लीप सेकंदाच्या बाजूने होणारा हा सर्वात भावनिक युक्तिवाद. घड्याळातले बारा आणि सूर्याची मध्यान्ह यांची फारकत होईल, असे म्हटले जाते. महाराष्ट्रात राहणाऱ्याने यावर हसायला हवे. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. मुंबईचा सूर्य त्या वेळेपेक्षा सरासरी ३९ मिनिटे मागे चालतो. मुंबई आणि नागपूर यांच्या मध्यान्हात सुमारे २५ मिनिटांचे अंतर आहे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईत तिला कडाडून विरोध झाला आणि ३९ मिनिटे मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत शहरात टिकून राहिली. शेवटी लोकांनी रेल्वेची, कार्यालयांची एकच वेळ स्वीकारली आणि सूर्याशी असलेला ३९ मिनिटांचा फरक निमूटपणे पचवला. पंचांगकर्ते गावोगावचा सूर्योदय रेखांशावरून आजही वेगळा काढतातच.

लीप सेकंद थांबवला तर एक मिनिटाचा फरक पडायला पन्नास ते शंभर वर्षे लागतील, असा सर्वसाधारण अंदाज आहे. तेव्हा ‘लीप मिनिट’ घालावे, अशीही एक सूचना आहे. ती मात्र नको. शंभर वर्षांत एकदाच चालणारा कोड तपासणार कोण? हजारो वर्षांनी फरक तासाच्या घरात गेलाच, तर देशांनी आपली प्रमाणवेळ बदलावी. मुंबईने ते एकदा करून दाखवले आहे.

मग उरलेले दुखणे कोणते?

ते आपल्या सॉफ्टवेअरच्या सवयीचे आहे. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीम किमान दोन घड्याळे देते. एक भिंतीवरचे, जे ‘किती वाजले’ ते सांगते. ते मागे-पुढे होऊ शकते. दुसरे ‘मोनोटॉनिक’, जे किती वाजले ते सांगत नाही, पण कधीच मागे जात नाही. ते ‘किती वेळ गेला’ एवढेच मोजते. घरातले उदाहरण घ्या. लग्नाचा मुहूर्त ११ वाजून ५२ मिनिटांचा असेल तर भिंतीवरचे घड्याळ हवे. कुकर लावून किती मिनिटे झाली हे पाहायचे तर मधेच कुणी भिंतीवरचे घड्याळ हलवले तरी फरक पडायला नको.

क्लाउडफ्लेअरच्या प्रोग्रॅमने कुकरचा प्रश्न भिंतीवरच्या घड्याळाला विचारला होता. त्याच वर्षी ‘गो’ या प्रोग्रॅमिंग भाषेने आपल्या वेळेच्या फंक्शनमध्ये मोनोटॉनिक मोजणी जोडली. पण हीच चूक आजही असंख्य ॲपमध्ये सापडेल. त्यासाठी लीप सेकंद यायलाच हवा असे नाही. एनटीपीने दिलेला झटका किंवा कुणी हाताने बदललेली तारीख एवढे पुरते. मोबाइल गेममध्ये पुढची ‘लाइफ’ मिळवण्यासाठी फोनची तारीख पुढे ढकलणाऱ्या शाळकरी मुलांना ही चूक आपल्या प्रोग्रॅमरांपेक्षा आधी कळली आहे! इंजिनीअरिंगच्या वर्गात प्रोसेसरने कोणते काम आधी घ्यावे यावर आठवडेच्या आठवडे जातात. कोणत्या प्रश्नाला कोणते घड्याळ, यावर एक तासही खर्च होत नाही. हे बदलायला हवे.

भारताने काय करावे?

आपली अधिकृत वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर राखते. सायबर सुरक्षेची जबाबदारी असलेल्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये कंपन्यांना आपली घड्याळे या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या वेळेशी जुळवायला सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने भारतीय प्रमाणवेळ बंधनकारक करणाऱ्या नियमांचा मसुदाही प्रसिद्ध केला. दिशा बरोबर आहे. सायबर गुन्ह्याच्या तपासात बँकेची नोंद आणि मोबाइल कंपनीची नोंद यांची वेळ जुळली नाही, तर आधी काय घडले हेच ठरत नाही. भरपाई मागणाऱ्या सामान्य ग्राहकाला त्याचा फटका बसतो.

त्या दृष्टीने दोन गोष्टी स्पष्टपणे लिहिलेल्या हव्यात. एक, २०३५ पूर्वी लीप सेकंद, जादा किंवा उणे, आलाच तर बँका, शेअर बाजार आणि दूरसंचार कंपन्यांनी तो एकाच पद्धतीने हाताळावा. कुणी पसरवायचा, कुणी उडी मारायची, असे चालणार नाही. दोन, महत्त्वाच्या व्यवहाराच्या नोंदीत वेळेबरोबर ती कोणत्या स्रोतावरून घेतली हेही असावे.

आणि वाचकांसाठी एक छोटी गोष्ट. फोनच्या सेटिंगमध्ये तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ ठेवा. तारीख चुकली की वेबसाइटची सुरक्षा प्रमाणपत्रे अवैध दिसू लागतात, व्हॉट्सॲप वेळ दुरुस्त करायला सांगते आणि दर ३० सेकंदांनी बदलणारे ऑथेंटिकेटर ॲपचे कोड नाकारले जातात. फोन बिघडला असे वाटून दुकान गाठण्यापूर्वी घड्याळ तेवढे एकदा तपासा.